सहा मुलांची शाळा

सकीना, मी पोचले तेव्हा तुला नेऊन अर्धा तास झाला होता. तुझ्या सुनेचा, शबानाचा फोन सकाळीच आला होता. असरच्या, उतरत्या दुपारच्या नमाजानंतर नेणार म्हणाली. पेणहून एसटी लगेच मिळाली, पण नागोठण्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथं तासभर खोळंबा झाला. रोह्याला उतरले तर मिनीडोर रिक्षा भरेपर्यंत ड्रायव्हर निघेना. तुझ्याकडे यायला मी काही पहिल्यांदा उशीर केला असं नाही.

पुरुष सगळे कबरस्तानात गेले होते. घरात बायका होत्या. शबानाने माझा हात धरून मला आत नेलं आणि जिथं तुझी खाट असायची तिथं खुर्ची मांडली. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. "थोडं आधी यायला पाहिजे होतं, बाई," असं ती म्हणाली, आणि त्यात तक्रार नव्हती. बाजूच्या खोलीत कुराण वाचत होत्या. मला रडू आलं नाही. मी तिथं एखाद्या हिशेबाच्या तपासणीला आल्यासारखी ताठ बसून राहिले. आज अकरा दिवस झाले आणि आता हे लिहायला बसले आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी मी त्या गावात बदलून आले तेव्हा तू पलीकडे होतीसच. मराठी शाळा आणि उर्दू शाळा, दोन्ही जिल्हा परिषदेच्या, एकाच पटांगणात, मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. मी पहिल्या दिवशी टेबलावरची धूळ झटकत होते आणि तू गडग्यावर हात टेकून विचारलंस, "नवीन बाई काय गो? डबा आणलास की नाय?" मी आणला नव्हता. तू तुझा पुढे केलास, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. पुढची पंधरा वर्षं दुपारचं जेवण आपण त्या गडग्यावर दोन्ही बाजूंनी बसून जेवलो.

गावच्या शाळांचा इतिहास मला तू सांगितलास. माझ्या शाळेच्या कपाटात तो कुठं लिहिलेला नव्हता. सगळ्यात आधी इथं एकच शाळा होती, भाताच्या व्यापाऱ्याच्या ओटीवर. मास्तर पेणहून आठवड्याचं सामान घेऊन चालत यायचे. शेतकऱ्यांची पोरं आणि मोहल्ल्यातली पोरं एकाच ओटीवर बसून धूळपाटीवर अक्षरं काढायची. तुझे आजोबा त्यांतले. मोडीतली सही ते मरेपर्यंत करत, तू मला दाखवली होतीस. मग कधीतरी मशिदीच्या पडवीत उर्दूचा वर्ग निघाला. मुली कुठल्याच ओटीवर नव्हत्या. तुझी आई मोहल्ल्यातली पहिली मुलगी, जी चौथीपर्यंत शिकली. ती दाराच्या आड बसायची आणि मुलगे ओरडून पाढे म्हणत ते ऐकून पाठ करायची. मास्तरांनी तिला एकदा विचारलं तर तिने दाराआडूनच एकोणतीसचा पाढा म्हटला. त्यानंतर तिला आत घेतलं. ही गोष्ट सांगताना तू दर वेळी पाढा बदलायचीस. कधी एकोणतीसचा, कधी सतराचा.

दोन्ही शाळांच्या इमारती गावाने अंगमेहनतीने उभ्या केल्या. डोंगरातून दगड आणले, हिंदूंच्या आळीने आणि मोहल्ल्याने मिळून. यावर आपलं दोघींचं एकमत होतं. गडग्यावर नव्हतं. माझ्या गावकऱ्यांनी मला सांगितलं होतं की म्हशी मुलांच्या बागेत शिरायच्या म्हणून गडगा घातला. तू म्हणायचीस, म्हशी दोन्ही बाजूंनी येत होत्या, मग गडगा मधोमध कशाला घातला? मी म्हणायचे, तू उगाच वाकडं बघतेस. तू म्हणायचीस, तू उगाच सरळ बघतेस. हा वाद आपण शेकडो वेळा घातला असेल. तुझ्या शेवटच्या वर्षातही एकदा निघाला आणि तुला खोकला आला म्हणून अर्धवट राहिला. आता मला वाटतं तुझं बरोबर होतं. पण हे मी तुझ्यासमोर कबूल केलं असतं तर तू लगेच बाजू बदलून म्हशींच्या बाजूने बोलली असतीस.

एका पावसाळ्यात माझ्या वर्गाची कौलं उडाली. दुरुस्तीला तीन महिने लागले. तू काही न विचारता तुझ्या वर्गातली बाकं एका बाजूला सरकवलीस. एका भिंतीवर तुझा फळा, समोरच्या भिंतीवर माझा, मुलं पाठीला पाठ लावून बसलेली. त्या तीन महिन्यांत माझी मुलं अलिफ-बे म्हणू लागली आणि तुझी मुलं बाराखडी. तुझा आवाज मोठा. मी "कमळ" शिकवत असायचे आणि माझी अर्धी पोरं तुझ्याकडे वळून बसलेली असायची.

आणि तपासणीचे दिवस. मुलं कमी असली की आपण गडग्यावरून मुलं बदलायचो. शेतीच्या कामाला, आजारपणाला, लग्नाला मुलं जायची, आणि साहेब नेमके त्याच दिवशी यायचे. माझी चार तुझ्याकडे, पुढच्या खेपेला तुझी पाच माझ्याकडे. एकदा तू माझ्या एका पोराला पढवलंस की नाव विचारलं तर सलीम सांग. त्याने सलीम सांगितलं. साहेबांनी बापाचं नाव विचारलं तर म्हणाला तुकाराम. साहेब हसले, चहा प्यायले आणि गेले. आपण दोघी नंतर हसून हसून खिचडीच्या शेडमध्ये खाली बसलो. ते खोटं होतं हे आपल्याला माहीत होतं. पण त्या वेळी शाळा भरलेल्या असत, दोन-चार मुलांच्या खोट्याने कुणाचं काही जात नव्हतं.

मग शाळा रिकाम्या व्हायला लागल्या. आधी मिठागरांतली कुटुंबं गेली. मग धाटावला कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या बापांनी पोरांना इंग्रजी शाळेत घातलं, पिवळी व्हॅन गावात यायला लागली. मोहल्ल्यातले पुरुष आखातात, त्यांच्या बायका मुलांच्या शिक्षणासाठी रोह्यात खोल्या घेऊन राहायला लागल्या. माझ्याकडे कातकऱ्यांची चार मुलं होती, ती दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची ती उन्हाळ्यापर्यंत यायची नाहीत. मोठे वर्ग केव्हाच तुटले होते. तुझ्या शाळेच्या पटावर अकरा नावं उरली, माझ्याकडे चौदा. तुझ्या अकरांतली पाच मुलं गाव सोडून गेलेली. तू त्यांची नावं कमी केली नव्हतीस. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणालीस, "बाप परत आले की येतील. रोह्याचं भाडं किती दिवस परवडेल त्यांना?"

आणि कमी पटाच्या शाळा बंद करणार, मुलं जवळच्या शाळेत पाठवणार, असं बोललं जाऊ लागलं. आधी अफवा होती, मग कागद आला: दहाच्या आतल्या शाळा या वर्षी, वीसच्या आतल्या पुढे. साहेब प्रत्यक्ष येऊन मुलं मोजणार होते.

आदल्या दिवशी दुपारी आपण जेवत होतो. तू भाकरीचा तुकडा मोडून ठेवलास आणि म्हणालीस, "सुनंदा, उद्या पाच मुलं दे. तासाभरापुरती."

मी म्हटलं, आता तसं चालत नाही, सगळं आधारवरून बघतात.

"बघू दे. मुंडकी मोजून जातात ते. तू दे."

मी म्हटलं की मला नोकरीची भीती वाटते. शेजारच्या केंद्रात एका मास्तरांना असल्याच कारणावरून निलंबित केलं होतं, तुलाही माहीत होतं. तू डब्याचं झाकण लावलंस आणि म्हणालीस, बरं. उरलेली भाकरी तू कावळ्यांना घातलीस.

भीती होतीच. ती खोटी नव्हती. पण सकीना, जे मी तुला कधी सांगितलं नाही ते हे की भीती अर्धीच होती. उरलेल्या अर्ध्यात मी मोजत होते. तुझी शाळा बंद झाली तर तुझी सहा मुलं सगळ्यात जवळच्या शाळेत येणार, म्हणजे माझ्याकडे. चौदा आणि सहा वीस. वीस असले की माझी शाळा वाचत होती. मी हे रात्रभर मनात घोळवत बसले नव्हते. तू पाच मुलं मागितलीस त्या क्षणी हा हिशेब माझ्या डोक्यात तयार होता, म्हणजे तो आधीच कधीतरी मांडलेला असणार.

दुसऱ्या दिवशी साहेब आधी माझ्याकडे आले. मुलं मोजली, चहा घेतला. कप खाली ठेवताना सहज विचारलं, पलीकडे रोज किती येतात हो बाई? मी म्हणू शकत होते की मला माहीत नाही, माध्यम वेगळं आहे, त्यांच्याच बाईंना विचारा. कुणीही तेच म्हणालं असतं.

"सहा," मी म्हटलं.

मग ते गडग्याला वळसा घालून तुझ्याकडे आले. मी खिडकीतून बघत होते. तू वर्गात अकरा मुलं बसवली होतीस. सहा तुझी, दोन अंगणवाडीतली, आणि तीन मोठ्या मुली, रोह्याच्या शाळेतून रजा काढून आलेल्या, बहिणींचे गणवेश घालून. गणवेश त्यांना दंडाला घट्ट होत होते. साहेबांना आकडा आधीच माहीत होता, त्यामुळे त्यांनी घाई केली नाही. एकेकाला उभं करून इयत्ता विचारली. त्या तिघींतली एक रडायला लागली. तू तिला पाठीशी घेतलंस आणि साहेबांना काहीतरी म्हणालीस. तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. साहेब लिहीत राहिले. तुझ्या वर्गाचं दार उघडं होतं, आणि तू एकदा बाहेर, माझ्या खिडकीकडे बघितलंस.

जूनमध्ये तुझी शाळा उघडली नाही. तू शेवटच्या दिवशी वर्ग स्वतः झाडलास, नकाशे गुंडाळून कपाटात ठेवलेस आणि किल्ली केंद्रप्रमुखांच्या हातात दिलीस. गडग्यापाशी आली नाहीस. मी डबा उघडून बसले होते. मुलं घरी गेल्यावर डबा तसाच बंद केला.

तुझी बदली श्रीवर्धनच्या बाजूला झाली. दोन एसटी बदलून जावं लागायचं. साखरेचा आजार तुला आधीच होता. त्या प्रवासात तुझ्या टाचेला चिरा पडल्या, एक जखम झाली ती भरेना. चार-पाच महिन्यांनी एका सकाळी तू मला रोह्याच्या स्टँडवर भेटलीस. पायात मोजे आणि पुरुषी सँडल होती. मी तुझ्या तब्येतीची चौकशी करू लागले. तू ती थांबवलीस.

"तू सहा सांगितलंस ते खरंच होतं," तू म्हणालीस. "पण मला आधी बोलली असतीस तर मीच सांगितलं असतं त्यांना. त्या पोरींना तरी बसवलं नसतं."

मी काही बोलायच्या आत तुझी गाडी लागली. तू चढताना कठड्याला दोन्ही हातांनी धरून वर गेलीस. त्यानंतर आपण हा विषय कधीच काढला नाही. मला वाटायचं, तू काढशील तेव्हा मी सगळं सांगेन. तू काढला नाहीस.

तुझी सहा मुलं माझ्याकडे आली नाहीत. चौघे मिनीडोरने रोह्याच्या उर्दू शाळेत जाऊ लागले. रेहाना आणि तिची धाकटी बहीण घरी बसल्या. रेहाना तेव्हा चौथीत होती, तुझ्या वर्गातली सगळ्यात चलाख पोरगी. बाप मस्कतला, आई मिनीडोरमध्ये पोरींना एकट्या पाठवायला तयार नव्हती. तू सुट्टीच्या दिवशी त्यांना घरी बोलावून शिकवायचीस असं मी ऐकलं. मी त्या पोरींना रस्त्यात बघायचे आणि माझी वाट बदलायचे. माझ्या शाळेचे चौदा होते ते दहा झाले, मग आठ. तीन वर्षांनी माझ्या शाळेलाही तोच कागद आला. माझ्या मुलांना आता रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडच्या गावात जावं लागतं. कातकऱ्यांची मुलं जात नाहीत. मी पुढे दोन शाळा फिरून निवृत्त झाले आणि पेणला राहायला आले. आपल्या दोन इमारतींपैकी माझ्या शाळेत आता मंडपाचे बांबू ठेवतात. तुझ्या शाळेचं छप्पर मागच्या वादळात गेलं, ते कुणी घातलं नाही.

तुझ्या पायाची दोन बोटं कापली तेव्हा मी तुला भेटायला आले. नंतर आणखी चार-पाच वेळा. दर वेळी तुझ्या घरात शेजारपाजारच्या बायका असायच्या. कुणीतरी चहा करायचं, कुणीतरी बशीत बिस्किटं आणायचं. मी पेणच्या बातम्या सांगायचे, गणपतीचे कारखाने आता वर्षभर कसे चालतात, स्टेशनवर काय नवीन झालं. शेवटच्या खेपेला मी सगळं सांगायचं ठरवून आले होते. एसटीत वाक्य जुळवलं होतं. तू डोळे मिटून पडली होतीस. मला बघून म्हणालीस, "पेणला जिताडा मिळतो काय गो अजून?" मी म्हटलं मिळतो, पण मासा पूर्वीसारखा नाही, तळीच बुजली. मग तुला तुझ्या आईच्या हातच्या जिताड्याच्या कालवणाची आठवण आली आणि तू बराच वेळ त्याबद्दल बोललीस. आंबोशी घालायची की कोकम, यावर आपण थोडा वाद घातला. मी निघाले तेव्हा तू झोपली होतीस. वाक्य तसंच घेऊन मी परत आले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्या दिवशी, तुला नेल्यानंतर, मी त्या खुर्चीवर बसले होते तेव्हा एक मुलगी चहा घेऊन आली. मी तिला ओळखलं नाही. तिनेच सांगितलं, मी रेहाना. एकोणीस-वीस वर्षांची असेल. शिवणकाम करते. तुझ्या आजारपणात रोज संध्याकाळी येऊन तुला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, मराठी आणि उर्दू दोन्ही, असं शबानाने मला सांगितलं. मी कप हातात धरला आणि सकीना, जे वाक्य मी तुझ्यासाठी जुळवलं होतं ते त्या पोरीला बोलून टाकलं. म्हटलं, तुमच्या शाळेत सहाच मुलं येतात हे साहेबांना मी सांगितलं होतं. तुम्ही माझ्या शाळेत याल आणि माझी शाळा टिकेल म्हणून सांगितलं.

रेहानाने ट्रे खाली ठेवला. तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

"माहीत हाय, बाई," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं ते सगळ्या मोहल्ल्याला माहीत हाय. साहेबच बोलले होते तेव्हा, बाजूच्या बाईंनी सांगितलं म्हणून."

मी विचारलं, सकीना आपा काय म्हणायच्या? तू शेवटपर्यंत माझ्यावर रागावलेली होतीस असं तिने सांगितलं. मी येऊन गेले की त्या दिवशी तू कुणाशी नीट बोलायची नाहीस. मग ती म्हणाली की शाळा बंद झाली त्या आठवड्यात तू त्या मुलांच्या पाचही घरी गेली होतीस. तेव्हाही तू रागावलेलीच होतीस. पण दारात उभी राहून प्रत्येक आईला सांगितलंस की पोरांना रोह्याला पाठवू नका, घरीही बसवू नका, बाजूच्या मराठी शाळेत घाला, सुनंदा चांगली शिकवते.

"अम्मी म्हणाली, जिने शाळा बंद पाडली तिच्याकडे कशी पाठवू," रेहाना म्हणाली. "आपा दोनदा आली आमच्याकडे. दुसऱ्यांदा अम्मीशी भांडली. अम्मीने नाय ऐकलं."

एवढं बोलून ती रिकामे कप गोळा करायला लागली. माझा कप भरलेलाच होता, तो तिने माझ्या हातात राहू दिला.

सकीना, मी इतकी वर्षं समजत होते की फक्त तुला माहीत आहे. तुझ्या घरी मला ज्यांनी ज्यांनी चहा दिला, बशी पुढे केली, बसा बाई म्हटलं, त्या सगळ्यांना माहीत होतं. एकीनेही मला बोलून दाखवलं नाही. तू त्यांना बोलू दिलं नसशील, किंवा त्यांनाच माझ्याशी बोलावंसं वाटलं नसेल. कुठलं खरं ते मी शबानाला विचारू शकले असते, विचारलं नाही. तू माझ्यावर रागावलेली होतीस याचा मला आनंद वाटतो, हे कुणाला सांगितलं तर विचित्र वाटेल. माफ केलं असतंस तर मला जास्त जड गेलं असतं. पण रागावलेल्या पायांनी तू ती पाच घरं फिरलीस, माझ्या शाळेसाठी नाही, त्या मुलांसाठी, आणि नाव माझं घेतलंस. माझ्याजागी तू असतीस तर मी फिरले असते का? नसते फिरले.

निघताना रेहाना मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. गाडी आली तेव्हा ती म्हणाली, चाळीसाव्याला या. मी येते म्हटलं.

मी येणार आहे. त्या दिवशी तुझ्या घरी थोडाच वेळ बसेन. मग रेहानाच्या आईकडे जाईन. अठरा वर्षं त्या गावात शिकवलं, तिच्या दारावरून रोज गेले, पण तिच्या घरात मी कधी पाऊल टाकलं नाही. ती आत घेईल की नाही मला माहीत नाही. नाही घेतलं तर दारातच बोलेन.